आघात आणि बिघडलेलं खाणं: शरीराच्या कलाने सावरताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनावर आघात (ट्रॉमा) झालेल्या आणि खाणं बिघडलेल्या माणसांना खाली दिलेले सौम्य सराव घरी करता येतात. ते उपचारांच्या जोडीने करायचे आहेत, उपचारांऐवजी नव्हे. वजनाचे किंवा कॅलरींचे आकडे मुद्दामच दिलेले नाहीत, त्यामुळे अशा आकड्यांचा त्रास होणाऱ्यांनीही निर्धास्त वाचावं. मात्र स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील किंवा छातीत दुखत असेल, शुद्ध हरपत असेल, तर वाचन इथेच थांबवा. जवळच्या माणसाला आत्ताच सांगा आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या.

शरीराच्या जाणिवेवर आधारलेला सराव म्हणजे नक्की काय?

छातीतली धडधड, पोटातला ताण, तहान, थकवा, गरम-गार, लघवीला लागल्याची भावना अशा कितीतरी खबरा शरीर सतत मेंदूला पाठवत असतं. मेंदूतला इन्सुला नावाचा भाग त्या एकत्र करून त्यांचा अर्थ लावतो. व्हेगस या लांबलचक मज्जातंतूतले सुमारे ८० टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडे जाणारे आहेत. म्हणूनच घाबरलेल्या माणसाला ‘शांत हो’ म्हणून फारसा उपयोग होत नाही, पण पाय जमिनीवर दाबले, श्वास सावकाश सोडला, मान वळवून खोली पाहिली तर अनेकदा होतो.

या सरावांमध्ये आपण या खबरा थोड्या थोड्या ऐकायला शिकतो. त्या बदलायच्या नसतात, चांगल्या-वाईट ठरवायच्या नसतात आणि सहन होत नसतील तर ऐकायच्याही नसतात. थांबण्याची मुभा हा या सरावांचा गाभा आहे. आघाताच्या वेळी जे हिरावलं गेलेलं असतं, ते नेमकं हेच असतं: नको म्हणण्याचा हक्क.

आघाताचा आणि खाण्याचा संबंध काय?

१९८० च्या दशकात अमेरिकेतले डॉ. व्हिन्सेंट फेलिटी वजन कमी करण्याचा कार्यक्रम चालवत होते. ज्यांचं वजन उत्तम उतरत होतं, तेच लोक मध्येच कार्यक्रम सोडून जात. चौकशी केली तेव्हा त्यांतल्या अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं समोर आलं. त्यातून पुढे रॉबर्ट अँडा यांच्यासोबत बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा मोठा अभ्यास उभा राहिला आणि त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टरांना जे वाढलेलं वजन अडचण वाटत होतं, ते त्या माणसांपैकी काहींसाठी संरक्षण होतं.

हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत दिसते. उपाशी राहिलं की भावना बोथट होतात, भीती आणि लाज दूर गेल्यासारखी वाटते. बकाबका खाताना काही मिनिटं डोकं बंद पडतं. उलटी काढल्यावर ताण एकदम उतरल्यासारखा वाटतो. सतत मोजमाप केलं की निदान एक तरी गोष्ट आपल्या ताब्यात आहे असं वाटतं. हे सगळे उपाय नुकसान करतात, पण ते मूर्खपणातून आलेले नसतात. तग धरण्यासाठी जे हाताशी होतं, ते वापरलं गेलं.

खाण्याचा विकार असलेल्या प्रत्येकाच्या मागे आघात असतोच असं मात्र नाही. आनुवंशिकता, डाएटिंग, चिंतेचा स्वभाव, आजारपण, वजनावरून झालेली चिडवाचिडवी यांतूनही विकार सुरू होतो. म्हणून ‘काहीतरी घडलं असणारच, मला आठवत नाही इतकंच’ असं म्हणत आठवणी उकरत बसू नये.

माझं वजन नेहमीसारखंच आहे. मग मला खरंच विकार असेल का?

असू शकतो. अनोरेक्सिया (वजनाच्या भीतीने खाणं फार कमी करणं), बुलिमिया (बकाबका खाऊन मग उलटी वगैरेंनी भरपाई करणं), बिंज ईटिंग डिसऑर्डर (अशा भरपाईशिवाय वारंवार बकाबका खाणं), कमालीचं टाळून-निवडून खाणं, यांतला कुठलाही विकार बाहेरून पाहून ओळखता येत नाही. कमी खाऊन वजन झपाट्याने उतरलेला माणूस वजनाने ‘ठीक’ दिसत असूनही त्याचं हृदय मंदावलेलं असू शकतं. पुरुषांना आणि वयस्कांनाही हे विकार होतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. खाण्याचे विचार दिवसाचा मोठा भाग खात असतील, जेवण लपवावं लागत असेल, खाल्ल्यावर ‘भरपाई’ करावीशी वाटत असेल, तर मदत मागायला एवढं कारण पुरेसं आहे.

सरावाआधी डॉक्टरांना भेटायलाच हवं का?

हो, खाणं कमी झालं असेल, उलट्या, जुलाबाची औषधं किंवा अतिव्यायाम चालू असेल तर आधी तपासणी. डॉक्टरांना कारण स्पष्ट सांगा, नाहीतर नेहमीच्या तपासण्यांवरच भागवलं जातं. झोपून आणि मग उभं राहून नाडी व रक्तदाब, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, सोडियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि साखर या गोष्टी पाहायला हव्यात. रक्ताचे अहवाल बरे आले म्हणजे धोका टळला असं नसतं. शरीर बराच काळ आकडे सांभाळून नेतं.

लगेच जायला हवं अशी लक्षणं: चक्कर येऊन पडणं, जागेपणी शांत बसलेलं असताना नाडी मिनिटाला ५० च्या खाली असणं (४० च्या खाली असेल तर तो आणीबाणीचा प्रसंग समजा), छातीत दुखणं, ठोके चुकणं, उलटीत रक्त, हाताचा आधार घेतल्याशिवाय बसल्या जागेवरून उठता न येणं, सतत थंडी वाजणं, पाणीसुद्धा न पिणं.

अजून एक धोका फारसा बोलला जात नाही. अनेक दिवस अगदी थोडं खाणाऱ्याने एकदम भरपूर खायला सुरुवात केली तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घसरू शकतं. हृदयाला आणि श्वासाला त्याचा फटका बसतो. अशा माणसाचं खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवायचं आणि सुरुवातीचे दिवस रक्त वारंवार तपासायचं.

आधी खाणं नियमित करायचं की आधी आघातावर काम करायचं?

आधी खाणं. पुष्कळ अडचणी हा क्रम उलटा केल्याने येतात, म्हणून इथे थोडं सविस्तर.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे साधारण निम्म्या आहारावर ठेवलं. सगळे स्वेच्छेने आले होते, मनाने धडधाकट होते. काही आठवड्यांतच ते चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले. त्यांना सतत थंडी वाजे, लक्ष लागेना, दिवसरात्र अन्नाचेच विचार. पुन्हा पोटभर जेवण मिळू लागल्यावर काही जण पोट तुडुंब भरलं तरी खातच राहिले आणि हे कित्येक आठवडे चाललं. आपण ज्याला ‘माझा स्वभाव’ किंवा ‘माझा आघात’ समजतो, त्यातला बराच भाग निव्वळ उपासमारीचा असू शकतो. उपाशी मेंदूवर आघाताचं काम केलं तर ते पचत नाही. भावना एकतर पोचतच नाहीत किंवा पूर येतो.

नियमित खाण्याचा साधा आराखडा असा: तीन जेवणं आणि दोन ते तीन वेळा मधलं खाणं. उठल्यापासून साधारण तासाभरात पहिलं खाणं, आणि दोन खाण्यांमध्ये चार तासांहून जास्त खंड नको. वेळा आदल्या रात्री लिहून ठेवायच्या. सुरुवातीला काय खाल्लं यापेक्षा वेळेवर खाल्लं का, याला महत्त्व द्या. एखादं खाणं चुकलं किंवा जास्त झालं, तरी पुढचं ठरलेल्या वेळीच. ‘मघाशी जास्त झालं, आता रात्रीचं नको’ या हिशेबातूनच पुढचा बकाबका खाण्याचा प्रसंग तयार होतो.

मला भूक लागतच नाही. पोट भरल्याचंही कळत नाही. मग शरीराचं ऐकायचं कसं?

सध्या भुकेच्या बाबतीत ऐकायचं नाही. घड्याळाचं ऐकायचं. दीर्घकाळ कमी खाल्ल्यावर जठर सावकाश रिकामं होतं. त्यामुळे चार घासांत पोट गच्च वाटतं, फुगतं, मळमळतं. ही जाणीव खरी असते, पण त्यातून निघणारा ‘माझं पुरेसं खाऊन झालं’ हा अर्थ चुकीचा असतो. नियमित खात राहिलं की काही आठवड्यांत हे सहसा सुधारतं. वारंवार उलट्या आणि बिंज यांनीही भूक-तृप्तीच्या खुणा विस्कटतात.

‘भूक लागेल तेव्हा खा, पोट भरलं की थांबा’ हा सल्ला म्हणूनच सुरुवातीला घातक ठरतो. भुकेच्या जागी आधी सोप्या खुणांचा सराव करा: तहान लागली का? लघवीला लागली का? डोळे जड झाले का? थंडी वाजते का? खूण ओळखली की लगेच तिला प्रतिसाद द्यायचा. पाणी प्यायचं, उठायचं, पांघरूण घ्यायचं. शरीराने सांगितलं आणि कुणीतरी ऐकलं, हा अनुभव इथून बांधला जातो. भुकेची पाळी नंतर येते. ती नेहमी पोटातल्या गुरगुरीने येत नाही. चिडचिड, लक्ष न लागणं, डोकं हलकं होणं, अन्नाचे विचार घोळणं या भुकेच्याच खुणा आहेत.

पहिला सराव कोणता करू?

डोळे उघडे ठेवून, बसून, दोन ते तीन मिनिटांचा. दाराकडे पाठ नको. आधी मान सावकाश फिरवून खोली पाहा. दार कुठे, खिडकी कुठे, उजेड कुठून येतो. नजर जिथे रेंगाळते तिथे रेंगाळू द्या. मग तळपाय जमिनीवर दाबा, पाच मोजा, सोडा. असं तीनदा. दाबताना आणि सोडल्यावर काय फरक पडतो, एवढंच पाहा. त्यानंतर पाठ खुर्चीला कुठे टेकते ते शोधा आणि तिथे वजन थोडं जास्त सोपवा. शेवटी दोन्ही तळहात एकमेकांवर घासा, ऊब जाणवेपर्यंत. पुन्हा एकदा खोली पाहा आणि उठा.

दिवसातून दोनदा, शक्यतो काही खाल्ल्यानंतर आणि मन त्यातल्या त्यात बरं असताना. बहुतेक जण हा सराव फक्त वादळात आठवतात आणि मग म्हणतात, काही उपयोग झाला नाही. पोहायला शिकायचं ते उथळ पाण्यात. शांत वेळी वीस-तीसदा केलेली गोष्टच घाबरलेल्या शरीराला आठवते.

श्वासावर लक्ष दिलं की जीव जास्तच घाबरा होतो. असं का?

याची तीन कारणं सहसा दिसतात. एक, ‘खोल श्वास घ्या’ म्हटल्यावर लोक मोठे आणि भराभर श्वास घेतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि ही लक्षणं पॅनिकसारखीच (एकाएकी उसळणाऱ्या तीव्र भीतीसारखीच) असल्याने भीती वाढते. दुसरं, आघाताच्या वेळी श्वास कोंडला किंवा तोंड दाबलं गेलं असेल, तर श्वासाची जाणीव त्या प्रसंगाकडे नेते. तिसरं, पोटाने श्वास घ्यायचा म्हणजे पोट पुढे येऊ द्यायचं, आणि पोटाचाच तिटकारा असणाऱ्याला ते शिक्षेसारखं वाटतं.

उपाय: श्वास घेण्याकडे लक्षच द्यायचं नाही, फक्त सोडण्याकडे. नेहमीसारखा श्वास आत येऊ द्या आणि गरम पेयावर फुंकर घालावी तसा सावकाश सोडा. मोजायचं असेल तर आत तीन-चार, बाहेर पाच-सहा. श्वास घेताना हृदयाची गती थोडी वाढते आणि सोडताना उतरते, म्हणून लांब उच्छ्वासाने आराम पडतो. पाच-सहा श्वास पुरे. श्वास रोखून धरण्याचे आणि वेगाने श्वास घेण्याचे प्रकार टाळा. तरीही त्रास होत असेल तर श्वास पूर्ण सोडून द्या आणि गुणगुणा. गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो आणि लक्ष आवाजाकडे राहतं.

ध्यानात लक्ष पोटापाशी किंवा मांड्यांपाशी आलं की असह्य होतं.

मग तिथे जाऊ नका. पायांपासून डोक्यापर्यंत क्रमाने लक्ष नेण्याचा जो प्रचलित सराव आहे, तो आघात झालेल्यांसाठी आणि शरीराचा तिटकारा असणाऱ्यांसाठी सुरुवातीला योग्य नाही. तो बहुधा बराच वेळ, डोळे मिटून, आडवं होऊन केला जातो. या तिन्ही गोष्टी आघाताला जवळ आणणाऱ्या आहेत.

त्याऐवजी एक ‘ठीक’ जागा शोधा. सुंदर किंवा आनंदी नको, फक्त त्रास न देणारी: कानाची पाळी, कोपर, पायाचा अंगठा, नाकाचा शेंडा. लक्ष तिथे दहा-वीस सेकंद ठेवा. काही आठवड्यांनी तिथून अवघड जागेच्या थोडं जवळ जा, म्हणजे पोट नव्हे तर पाठीचा खालचा भाग, तेही तीन-चार सेकंद, आणि लगेच ठीक जागी परत. हे जाणं-येणं हाच सराव आहे. अवघड जागी मुक्काम ठोकणं नव्हे. शरीरातली एकही जागा ठीक वाटत नसेल तर बाहेरची वस्तू धरा: दगड, किल्ली, गुळगुळीत कापड.

किती त्रास सहन करावा आणि थांबायचं कधी?

० ते १० अशी मोजपट्टी ठेवा. ० म्हणजे अगदी शांत, १० म्हणजे असह्य. सराव ३-४ च्या आसपास राहायला हवा. ५ ओलांडला की थांबा, डोळे उघडा, खोली पाहा, उठून चाला. ‘वेदनेतून गेल्याशिवाय बरं होत नाही’ ही समजूत इथे नुकसान करते.

मनोविकारतज्ज्ञ डॅन सीगल यांनी १९९९ मध्ये सहनशक्तीच्या खिडकीची कल्पना मांडली. खिडकीच्या आत माणूस जाणवूही शकतो आणि विचारही करू शकतो. वरून बाहेर गेलं तर धडधड, घाम, पळून जावंसं वाटणं, विचारांची घोडदौड. खालून बाहेर गेलं तर सुन्नपणा, आवाज लांबून येणं, हातपाय जड, सगळं धूसर. दुसरा प्रकार फसवा असतो. बाहेरून माणूस एकदम शांत दिसतो, स्वतःलाही वाटतं की सराव छान झाला. खरी शांतता असेल तर आजूबाजूचं स्पष्ट दिसतं, आपलं नाव-वार पटकन सांगता येतो, हात सहज हलतात. हे होत नसेल तर ती गोठलेली अवस्था आहे.

मी सुन्न होतो किंवा होते तेव्हा काय करावं?

अशा वेळी शांत करणारे सराव उलटे पडतात. लांब उच्छ्वास, आडवं होणं, डोळे मिटणं नको. शरीराला जाग आणायची आहे. उभं राहा, भिंतीवर दोन्ही तळहात टेकवून दहा सेकंद जोराने ढकला, सोडा, पुन्हा. खोलीतल्या एकाच रंगाच्या पाच वस्तू मोठ्याने सांगा. वार, तारीख, आपलं आजचं वय म्हणा. तीव्र वास घ्या. पाय आपटत चाला. आणि शेवटचं कधी खाल्लं होतं ते पाहा. चार तास उलटून गेले असतील तर आधी काही खा.

जेवणाच्या आधी, जेवताना आणि नंतर नेमकं काय करायचं?

आधी पाच मिनिटं: बसण्याची जागा निवडा, पायाखाली आधार घ्या, पोटावर आवळणारं कापड सैल करा, तीन-चार लांब उच्छ्वास. किती खायचं हे बसण्याआधीच ठरलेलं असावं. ताटापुढे बसून ठरवायला गेलं की विकाराचाच आवाज मोठा होतो.

जेवणाला साधारण अर्धा तास आणि मधल्या खाण्याला पंधरा मिनिटं ठेवा. फार लांबवलं तर घास जड होतात, फार घाई केली तर शरीर मागे राहतं. ‘प्रत्येक घासाकडे पूर्ण लक्ष द्या’ हा सल्ला सुरुवातीला घेऊ नका. भीती जास्त असताना प्रत्येक घासाकडे लक्ष देणं म्हणजे प्रत्येक घासाला घाबरणं. गप्पा, हलकं संगीत, रेडिओ चालेल. अध्येमध्ये एकदा पाय जमिनीवर आहेत का, दात आवळले आहेत का, खांदे कानांजवळ गेले आहेत का, एवढं पाहा. एकाग्रतेने खाण्याचा सराव काही महिन्यांनी, एखाद्या सोप्या पदार्थाच्या तीन घासांपासून करता येतो.

जेवणानंतरचा तास सगळ्यांत नाजूक. तो आधीच ठरवून भरून ठेवा: कुणाशी फोन, हाताने करायचं काम, बैठे खेळ. पोट गच्च वाटत असेल तर डाव्या कुशीवर किंवा अर्धवट टेकून बसा, कोमट पाण्याची पिशवी पोटावर कपड्यावरून ठेवा आणि मनाशी म्हणा: ‘हे पोट काम करतंय.’ न्हाणीघरात एकटं जाण्याची ऊर्मी असेल, तर जेवणाआधीच जाऊन या आणि नंतरचा तास सोबतीत काढा.

बकाबका खाण्याची किंवा उलटी काढण्याची ऊर्मी आली तर?

ऊर्मी लाटेसारखी चढते आणि तिला काही खाऊ घातलं नाही तरी उतरते. बहुतेकदा वीस ते तीस मिनिटांत. तिच्याशी भांडायचं नाही. ती शरीरात कुठे आहे ते शोधा: घशात, जबड्यात, छातीत, हातांत? आकार केवढा, गरम की गार, पुढे सरकते की जागच्या जागी? मोजपट्टीवर आकडा द्या, पाच मिनिटांचा गजर लावा, जागा बदला, पुन्हा आकडा द्या. आकडा वाढला तरी घाबरू नका, शिखर त्यानंतर येतं आणि मग लाट उतरते.

पण ही ऊर्मी खऱ्या भुकेची असेल तर हा सराव लावू नका. ठरलेलं खाणं चुकलं असेल तर आधी ते खा, बसून, ताटात वाढून.

उलटी झालीच तर दात लगेच घासू नका. आम्लाने मऊ झालेलं दातांचं कवच घासलं जातं. पाण्याने चूळ भरा आणि किमान अर्धा तास थांबा. जुलाबाच्या औषधांबद्दल एवढंच: ती मुख्यतः मोठ्या आतड्यावर काम करतात आणि अन्न त्याआधीच लहान आतड्यात शोषलं गेलेलं असतं. जातं ते पाणी आणि क्षार. रोज घेत असाल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करा. नंतर काही दिवस अंगावर सूज येते, ती पाण्याची असते आणि उतरते.

थंड पाण्यात चेहरा बुडवायचा उपाय करू का?

विचारल्याशिवाय करू नका. थंड पाणी चेहऱ्याला लागलं की हृदयाची गती झपाट्याने उतरते, म्हणूनच तो तीव्र पॅनिकमध्ये सुचवला जातो. पण कमी खाण्यामुळे नाडी आधीच मंद असेल, पोटॅशियम कमी असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो धोकादायक आहे. मनगटावर ओला रुमाल किंवा हातात गार पेला पुरतो.

योगासनं करावीत का?

मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत, इतर उपचारांना दाद न देणारा पीटीएसडी (आघातानंतर दीर्घकाळ टिकणारा मानसिक त्रास) असलेल्या ६४ स्त्रिया होत्या. दहा आठवडे आघाताचं भान ठेवून घेतलेल्या योगवर्गानंतर ५२ टक्के स्त्रिया पीटीएसडीच्या निकषांतून बाहेर आल्या. तुलनेसाठी योगाऐवजी आरोग्यशिक्षण दिलेल्या गटात हे प्रमाण २१ टक्के होतं. गट लहान होता, तरी निष्कर्ष आश्वासक आहे.

त्या वर्गांची पद्धत महत्त्वाची. शिक्षक हात लावून आसन सुधारत नाहीत. ‘करा’ ऐवजी ‘हवं तर करून पाहा’ म्हणतात, प्रत्येक आसनाला दुसरा पर्याय देतात, मागून फिरत नाहीत, दार उघडं-बंद हवं का विचारतात. आरसे नसलेली खोली बघा. कॅलरी जाळणारे, घाम काढणारे, उष्ण खोलीतले वर्ग नकोत. व्यायाम चुकला की अपराधी वाटत असेल, दुखापतीतही करावासा वाटत असेल, खाणं ‘कमावण्यासाठी’ केला जात असेल, तर योगसुद्धा काही काळ डॉक्टरांशी बोलून थांबवणं बरं.

सरावात अंग थरथरतं, रडू येतं. हे चांगलं लक्षण आहे का?

हलकी थरथर, जांभया, डोळ्यांत पाणी, पोटात गुरगुर, ऊब पसरणं हे ताण उतरतानाचे नेहमीचे प्रकार आहेत. येऊ द्या, थांबवू नका आणि मुद्दाम आणूही नका. जितकी मोठी थरथर तितकं जास्त बरं होणं, असं काही नसतं. नंतर दिवसभर गळून गेल्यासारखं वाटलं, झोप उडाली किंवा खाणं विस्कटलं, तर सराव जास्त झाला. पुढच्या वेळी वेळ निम्मा करा.

आरसा, वजनकाटा आणि कपडे यांचं काय करावं?

वजनकाटा घराबाहेर. वजन पाहणं गरजेचं असेल तर ते उपचार करणाऱ्यांनी पाहावं. ते तुम्हाला सांगायचं का, हे त्यांच्याशी बोलून ठरवा. न होणारे कपडे कपाटातून काढा. दिवसभर कमरेला टोचणारी शिवण शरीराबद्दलचा तिरस्कार दिवसभर जागा ठेवते. आरशासमोर उभं राहून करायचे सराव आहेत, पण ते थेरपिस्टसोबतच करायचे.

कोणते उपचार घ्यावेत? थेरपिस्ट कसा निवडावा?

सीबीटी म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणारी थेरपी. खाण्याच्या विकारांसाठी मनोविकारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेली तिची सीबीटी-ई ही पद्धत चांगली अभ्यासलेली आहे. वजन फार कमी नसेल तर साधारण २० सत्रं, असेल तर त्याच्या दुपटीच्या आसपास. किशोरवयीनांमध्ये पालकांनी जेवणाची जबाबदारी काही काळ हाती घेण्याची कुटुंबकेंद्री पद्धत आधी विचारात घेतात. पीटीएसडीसाठी आघातावर केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साथीने आघाताच्या आठवणींवर काम करण्याची पद्धत) यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली. नुसत्या शारीरिक सरावांचा पुरावा अजून यांच्याइतका भक्कम नाही, म्हणून ते जोडीला ठेवावेत.

पहिल्या भेटीत सरळ विचारा: खाण्याचे विकार आणि आघात दोन्हींवर काम केलं आहे का? डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांशी बोलाल का? मी थांबा म्हटलं तर काय कराल? स्पर्श करता का? स्पर्श असलाच तर दर वेळी विचारून आणि नको म्हणायला पूर्ण मोकळीक ठेवून. पहिल्याच सत्रात सगळं सांगायला लावणारे, वजन कमी करण्याचं आश्वासन देणारे किंवा इतर औषधोपचार बंद करायला सांगणारे टाळा.

औषधं लागतात का?

काहींना. बुलिमियात फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध उपयोगी पडतं, नैराश्यासाठी देतात त्यापेक्षा जास्त मात्रेत. ब्युप्रोपिऑन हे नैराश्यावरचंच दुसरं औषध मात्र बुलिमिया किंवा अनोरेक्सिया असलेल्यांना किंवा पूर्वी झालेल्यांना देत नाहीत, कारण त्यांच्यात आकडीचे झटके (फिट) येण्याचा धोका वाढतो. म्हणून दुसऱ्या कारणासाठी औषध घेतानाही खाण्याचा इतिहास लपवू नका.

घरच्यांनी काय करावं?

दिसण्यावर काहीही बोलू नका, कौतुकसुद्धा नको. ‘आता बरी दिसतेस’ हे वाक्य ‘जाड झालीस’ असंच ऐकू जातं. ताटाकडे टक लावू नका, सोबत बसून स्वतःही जेवा. जेवताना वजन, डाएट, कोण किती खातं हे विषय बंद. मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका, समोरून या आणि विचारा. काय झालं होतं ते खोदून विचारू नका. ‘आत्ता सोबत बसू की एकटं हवंय?’ असा दोन पर्यायांचा प्रश्न सोपा पडतो. आणि नाही म्हटलं तर ते नाही मान्य करा. वर दिलेली धोक्याची लक्षणं दिसली तर मात्र परवानगीची वाट पाहू नका.

बरं व्हायला किती काळ लागतो?

खाण्याच्या वेळा बसायला बहुधा आठवडे, भुकेच्या खुणा परतायला महिने, शरीराबद्दलचा तिटकारा उतरायला त्याहूनही जास्त. बदल याच क्रमाने होतात असंही नाही. मधल्या काळात एक अवघड टप्पा येतो: खाणं सुधारतं, सुन्नपणा ओसरतो आणि दबलेल्या भावना जोरात वर येतात. ‘यापेक्षा मी आधी बरा होतो’ असं वाटून अनेक जण इथेच उपचार सोडतात. या टप्प्याची कल्पना आधी असेल तर थेरपिस्टच्या भेटी तेवढ्या काळापुरत्या वाढवून घेता येतात, आणि सराव वाढवण्याऐवजी पुन्हा तळपाय आणि खोली पाहण्यावर आणता येतो.

पुन्हा घसरण झाली तर कुठून सुरुवात करू?

पुढच्या ठरलेल्या खाण्यापासून. उद्यापासून नाही, सोमवारपासून नाही, आणि कालची भरपाई करूनही नाही. ते खाऊन झालं की शांतपणे तीन गोष्टी लिहा: घसरण होण्याआधी शेवटचं खाणं किती वाजता झालं होतं, झोप किती झाली होती, आणि त्या दिवशी कोण भेटलं किंवा काय घडलं होतं. चार-पाच नोंदी जमल्या की बहुधा एकच जागा पुन्हा पुन्हा दिसते, मग ती दुपारचं चुकलेलं खाणं असो की एखाद्या माणसाचा फोन. त्या जागेवर काय बदल करायचा ते थेरपिस्टसोबत ठरवा. दोन आठवड्यांत घसरण वारंवार होत असेल, चक्कर येत असेल किंवा उलट्या वाढल्या असतील, तर नोंदी करत बसू नका. डॉक्टरांची भेट त्याच दिवशी घ्या.